नऊ महिन्यांचे मास्तर

गेल ऑम्व्हेट हे नाव घेतलं की मराठी वाचकाला कासेगाव आठवतं, श्रमिक मुक्ती दल आठवतं, सत्यशोधक चळवळीवरचा त्यांचा प्रबंध आठवतो. पण त्या भारतात पहिल्यांदा आल्या त्या ना चळवळीसाठी, ना संशोधनासाठी. १९६३ साली विशीतली ही अमेरिकन मुलगी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ‘इंग्रजीची ट्यूटर’ म्हणून इथे आली. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात तिचं शिक्षण झालं होतं. शिकवण्याचा अनुभव नाही, मराठीचा गंध नाही, आणि मुदत जेमतेम एका शैक्षणिक वर्षाची. त्यांच्या चरित्रात ही नोंद एका ओळीपुरती येते आणि वाचणारा पुढे सरकतो.

त्या ओळीपाशी थोडं थांबायला हवं. परदेशी विद्यापीठात इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून सरकारी ग्रँटवर जाणं ही आज जगभर चालणारी रुळलेली व्यवस्था आहे. दरवर्षी शेकडो तरुण अमेरिकन पदवीधर ब्राझील, तुर्कस्तान, कोलंबिया, जर्मनी, दक्षिण कोरिया, तैवान अशा देशांत या कामासाठी जातात. फुलब्राइटच्या भाषेत त्यांना ‘इंग्लिश टीचिंग असिस्टंट’ म्हणतात, आणि तोंडी वापरात त्याचं ‘ईटीए’ झालं आहे. काही देशांत त्यांना शाळा मिळते, काही देशांत विद्यापीठ. विद्यापीठातला सहायक ही त्यातली चमत्कारिक जागा आहे. समोरचे विद्यार्थी त्याच्याच वयाचे, क्वचित मोठेही. त्याच्याकडे ना पीएच.डी., ना बी.एड. त्याच्या हाती आहे ती जन्मजात बोलली जाणारी भाषा. एवढ्या भांडवलावर परक्या गावच्या वर्गात उभं राहायचं.

या सगळ्याचा उगम युद्धाच्या भंगारात आहे. १९४५ साली महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी सैन्याचे ट्रक, यंत्रं, गोदामं, दवाखान्यांचं सामान जगभर पडून होतं. ते परत न्यायचं तर खर्च वस्तूंच्या किमतीपेक्षा जास्त, आणि विकत घ्यायला यजमान देशांकडे डॉलर नाहीत. आर्कान्सा राज्याचे तरुण सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एक विधेयक मांडलं: हे सामान त्या त्या देशाच्या चलनात विकावं आणि तो पैसा विद्यार्थी-अध्यापकांच्या देवाणघेवाणीवर खर्च करावा. फुलब्राइट स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आले होते आणि पुढे आर्कान्सा विद्यापीठाचे अध्यक्षही झाले होते. १ ऑगस्ट १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी कायद्यावर सही केली. पहिला करार १९४७ साली चीनशी झाला, त्यापाठोपाठ ब्रह्मदेशाशी. भारताच्या करारावर २ फेब्रुवारी १९५० रोजी पंडित नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांनी सह्या केल्या. प्रजासत्ताक होऊन तेव्हा आठवडाच झाला होता.

भारतातल्या अमेरिकी अभ्यासवृत्तींच्या मुळाशी आणखी एक पैसा होता. पीएल-४८० कायद्याखाली आलेल्या अमेरिकी गव्हाची किंमत भारताने रुपयांत चुकती केली. ते रुपये इथेच साठत गेले आणि त्यातला काही भाग विद्येच्या कामी आला. १९६१ साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’ला या पैशाचा आधार मिळाला. अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने याच रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पुरवली. शिकागो किंवा पेनसिल्व्हेनियाच्या ग्रंथालयांत मराठी पुस्तकांचे संग्रह उभे राहिले, त्यामागे रेशनच्या दुकानात विकला गेलेला हा गहू आहे.

आज ईटीए होण्यासाठी अमेरिकन नागरिकत्व आणि पदवी एवढ्याच मुख्य अटी आहेत. अर्जात एका पानाचं निवेदन असतं: त्याच देशात का जायचं, वर्गात काय करणार, वर्गाबाहेर गावाशी नातं कसं जोडणार. शिवाय स्वतःबद्दल लिहायचं. मग शिफारसपत्रं, कॉलेजातल्या समितीची मुलाखत, न्यूयॉर्कमधल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन’कडची छाननी आणि शेवटी यजमान देशाची पसंती. ऑक्टोबरात केलेल्या अर्जाचा निकाल कळायला पुढचा वसंत उजाडतो. जाण्या-येण्याचं भाडं, आजारपणाचा विमा आणि त्या देशातल्या राहणीमानाप्रमाणे ठरलेला मासिक भत्ता मिळतो. भत्त्यात शिल्लक फारशी पडत नाही, आणि पडावी अशी अपेक्षाही नसते. काम साधारण आठवड्याला वीस-पंचवीस तासांचं. उरलेल्या वेळात शिकायचं, फिरायचं, एखादा उपक्रम चालवायचा.

कागदावर हे सारं सुबक आहे. प्रत्यक्षात काय घडतं ते पाहायला ब्राझीलचं उदाहरण चांगलं आहे, कारण तिथे सहायकाची गरज का पडली याचा माग नीट काढता येतो.

२०११ साली ब्राझील सरकारने ‘विज्ञानाला सीमा नाहीत’ अशा अर्थाच्या नावाची प्रचंड योजना काढली. विज्ञान-अभियांत्रिकीच्या लाखभर विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठांत पाठवायचं ठरलं. पैसे होते, जागा होत्या. अडचण वेगळीच निघाली. विद्यार्थ्यांनी मोठ्या संख्येने पोर्तुगालची विद्यापीठं निवडली, कारण तिथे पोर्तुगीज चालते. शेवटी २०१३ मध्ये सरकारला पोर्तुगालचं नाव यादीतून काढावं लागलं. जे इंग्रजीभाषक देशांत गेले होते, त्यांतल्या काहींना भाषेची पातळी गाठता आली नाही म्हणून परत बोलवावं लागलं. भाषेच्या या अडचणीची चाहूल आधीच लागली होती, म्हणून २०१२च्या अखेरीसच आणखी एक योजना आली होती, विद्यापीठांतच इंग्रजी शिकवण्याची. फुलब्राइटचे सहायक ब्राझीलच्या सरकारी विद्यापीठांत जातात ते याच पार्श्वभूमीवर.

या विद्यापीठांत फी नसते. २०१२च्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी राखीव झाल्या, आणि त्या जागांमध्ये उत्पन्न व वंश यांचाही विचार होऊ लागला. चांगलं इंग्रजी मात्र ब्राझीलमध्ये खासगी क्लासमध्ये विकत मिळतं. ज्यांच्या आईबापांना तो क्लास परवडला ती मुलं एका बाजूला, सरकारी शाळेत आठवड्याच्या एक-दोन तासांवर इंग्रजी शिकलेली दुसऱ्या बाजूला, आणि दोघांचा वर्ग एकच. ही फूट मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. लातूरच्या किंवा गडहिंग्लजच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या इंग्रजीच्या तासाला बसलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल.

सहायकांची नेमणूक बहुतेक भाषा-साहित्य विभागात होते. या विभागाला तिथे ‘लेत्रास’ म्हणतात. इथली मुलं पदवी घेऊन शाळांत शिक्षक होणार असतात. वर्ग पुष्कळ ठिकाणी रात्री भरतात, कारण मुलं दिवसा दुकानात, कॉल सेंटरमध्ये, कुणाच्या घरी काम करतात. दिवसभराच्या कामाने थकलेली, शेवटची बस चुकू नये म्हणून घड्याळाकडे बघणारी ही मुलं उद्या आपल्या वस्तीतल्या शाळेत इंग्रजी शिकवणार आहेत. त्यांच्यातल्या काहींनी इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाशी आयुष्यात एकदाही संवाद केलेला नसतो. त्यांना व्याकरण येत असतं. शेक्सपिअरवरच्या प्रश्नाचं उत्तर ती लिहू शकतात. तोंड उघडायची मात्र भीती असते.

अशा वर्गात प्रशिक्षण नसलेला बावीस-तेवीस वर्षांचा परदेशी माणूस काय करू शकतो? त्याला क्रियापदाचे काळ समजावता येत नाहीत, कारण ते त्याने कधी शिकलेलेच नसतात. वापरतो तो बरोबर, पण का बरोबर ते सांगता येत नाही. विद्यार्थ्याने नेमका प्रश्न विचारला की तो गडबडतो आणि मदतीसाठी वर्गातल्या ब्राझिलियन प्राध्यापिकेकडे पाहतो. ती मात्र पंचवीस वर्षं हेच शिकवत आलेली असते. पोर्तुगीज बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘इ’ का चिकटतो, ‘फेसबुक’चं ‘फेसबुकी’ का होतं, हे तिला नेमकं ठाऊक असतं, कारण त्या वाटेने ती स्वतः गेलेली असते.

चांगल्या विभागांत कामाची वाटणी यावरूनच होते. शिकवणं प्राध्यापिकेचं, बोलतं करणं सहायकाचं. तो संभाषणाचे गट चालवतो. ग्रंथालयात ठरलेल्या वेळी बसतो आणि ज्याला जे लिहून आणायचं ते तपासून देतो. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीची रंगीत तालीम घेतो. मुलांबरोबर विद्यापीठाच्या खाणावळीत भात-राजमा खातो, फुटबॉल बघतो, आणि या सगळ्यात इंग्रजी चालू राहतं. त्याच्या वयाचा इथे उपयोग होतो. प्राध्यापकासमोर चूक झाली तर लाज वाटते. आपल्याच वयाच्या आणि आपल्या इंग्रजीपेक्षाही मोडकं पोर्तुगीज बोलणाऱ्या पाहुण्यासमोर वाटत नाही. बाजारात त्याला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, हे मुलांनी पाहिलेलं असतं. त्याच्या अडखळण्यामुळे त्यांच्या अडखळण्याला परवानगी मिळते, आणि या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. ती कुठल्याही परिपत्रकात लिहिलेली नसते.

वाईट विभागांत याच्या उलट घडतं. सहायक आला म्हणजे प्राध्यापकाला सुट्टी, असं समजून अख्खा वर्ग त्याच्यावर सोपवला जातो. किंवा तो शोभेचा पाहुणा होतो. उद्घाटनाला बोलवायचा, फोटोत उभा करायचा, संकेतस्थळावर झळकवायचा. दोन्ही ठिकाणी नऊ महिने वाया जातात. विद्यार्थ्यांच्या पदरी काही पडत नाही आणि सहायक आपण निरुपयोगी आहोत अशी समजूत घेऊन घरी परततो.

मधल्या अडचणी वेगळ्याच. आल्या आल्या पोलिसांकडे परदेशी नागरिकाची नोंदणी, कर क्रमांक, बँक खातं, भाड्याची खोली. सत्र सुरू होऊन महिना होतो तरी कागद पुरे झालेले नसतात. ब्राझीलच्या केंद्रीय विद्यापीठांत संपाची परंपरा मोठी आहे. २०१२, २०१५ आणि २०२४ मध्ये प्राध्यापक-कर्मचाऱ्यांचे संप आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने चालले. वर्ग बंद, कॅम्पस ओस, आणि सहायकाचं घड्याळ चालूच. अशा वेळी कुणी खोलीत बसून दिवस मोजतं, कुणी मोहल्ल्यातल्या वाचनालयात मुलांचा वर्ग सुरू करतं. निवेदनात रंगवलेलं ‘गावाशी नातं’ खरं किती होतं, ते या रिकाम्या आठवड्यांत कळतं.

तुर्कस्तानची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. तिथे २००६ ते २००८ या काळात अनातोलियातल्या लहान शहरांत डझनावारी नवी सरकारी विद्यापीठं निघाली. इमारती झाल्या, विद्यार्थी आले, पण इंग्रजीचे शिक्षक इस्तंबूल-अंकारा सोडून तिकडे जायला राजी होईनात. पुष्कळ अभ्यासक्रमांत पदवीआधी एक वर्ष इंग्रजीच्या तयारीचं असतं, त्यामुळे तुटवडा जास्तच जाणवला. पुढच्या दशकात फुलब्राइटचे सहायक या नव्या विद्यापीठांत पाठवले गेले.

सहायकाची ही जागा फुलब्राइटने निर्माण केलेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून फ्रान्स आणि ब्रिटन एकमेकांकडे भाषेचे तरुण सहायक पाठवत आले आहेत. फ्रेंच विद्यापीठांत या पदाला ‘लेक्तर’ म्हणतात. त्या पदावरचा सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे सॅम्युएल बेकेट. डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज आणि पॅरिसचं एकोल नॉर्माल यांच्यात अशी देवाणघेवाण होती. तिच्याखाली बेकेट १९२८ ते १९३० अशी दोन वर्षं पॅरिसमध्ये इंग्रजीचा लेक्तर होता. विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तास थोडे, संस्थेच्याच इमारतीत राहायला खोली. त्याच्या आधीचा लेक्तर टॉमस मॅकग्रीव्ही याने त्याची जेम्स जॉइसशी गाठ घालून दिली. जॉइसवरचा त्याचा निबंध आणि पहिली छापील कविता, दोन्ही याच मुक्कामातली. परत जाऊन तो ट्रिनिटीत फ्रेंच शिकवू लागला, पण ती नोकरी त्याने लवकरच सोडली. पुढे कायमचा पॅरिसला गेला आणि फ्रेंचमध्ये लिहू लागला. ‘गोदोची वाट पाहताना’ हे नाटक मुळात फ्रेंच आहे. एकोल नॉर्मालच्या मोजक्या विद्यार्थ्यांचं इंग्रजी बेकेटमुळे किती सुधारलं, याची चौकशी आज कुणी करत नाही.

जन्माने इंग्रजी बोलणारा तोच उत्तम शिक्षक, ही समजूत या योजनांच्या पोटात लपलेली आहे, आणि तिच्यावर टीका झाली ती योग्यच झाली. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावर परिषद भरली होती. तिथून निघालेल्या विचारात ही समजूत ठासून भरलेली होती. रॉबर्ट फिलिप्सन स्वतः एके काळी ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम केलेले. १९९२ सालच्या ‘लिंग्विस्टिक इम्पीरियलिझम’ या पुस्तकात त्यांनी तिला सरळ भ्रम म्हटलं. इंग्रजी शिकवण्याच्या नावाखाली नोकऱ्या, पाठ्यपुस्तकं आणि परीक्षांचा बाजार कसा उभा राहतो, हेही त्यांनी दाखवलं. भारताने याबाबतीत शहाणपण दाखवलं होतं. १९५८ सालीच हैदराबादला इंग्रजीच्या शिक्षकांना शिकवणारी केंद्रीय संस्था निघाली. तीच पुढे ‘इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी’ झाली. परदेशी तरुण वर्षभर येऊन जाणार आणि इथला शिक्षक तीस वर्षं राहणार, तेव्हा पैसा इथल्या शिक्षकावर घालायचा, हा तो हिशेब होता आणि तो बरोबर होता.

फिलिप्सन यांची टीका मान्य केली तरी सहायकाची जागा निकालात निघत नाही. फक्त तिचा हिशेब दुसऱ्या वहीत मांडावा लागतो. शेकडो तासांच्या संभाषणगटांनी एखाद्या विद्यापीठाचं इंग्रजी पालटत नाही, आणि तसा दावा करणारे अहवाल उत्साहात लिहिलेले असतात. पालटतो तो बहुतेक वेळा सहायक. कोवळ्या वयात परक्या समाजात, पर्यटक म्हणून नव्हे तर रोज कामावर जाणारा माणूस म्हणून राहायला मिळणं फार दुर्मीळ आहे. तो रोज स्टाफरूममध्ये बसतो. कोण कुणाशी बोलतं, कोण कुणाच्या डब्यातलं खात नाही, कोणत्या मुलाला मागच्या बाकावर बसवलं जातं, हे त्याला दिसतं. दिसलेलं समजून घ्यायला त्याला तिथली भाषा शिकावी लागते.

याची मराठीतली साक्ष सर्वांत बळकट आहे. गेल ऑम्व्हेट त्या पहिल्या वर्षानंतर परत गेल्या आणि बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात समाजशास्त्र शिकू लागल्या. पीएच.डी.साठी पुन्हा आल्या तेव्हा विषय होता पश्चिम भारतातली ब्राह्मणेतर चळवळ, १८७३ ते १९३०. सत्यशोधकांची जुनी वृत्तपत्रं आणि पत्रकं वाचायला मराठी लागत होतं, ते त्या शिकल्या. १९७३ साली त्यांना पदवी मिळाली आणि १९७६ मध्ये प्रबंध ग्रंथरूपाने आला. त्याच वर्षी चळवळीतले कार्यकर्ते भारत पाटणकर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. सांगली जिल्ह्यातलं कासेगाव हे त्यांचं घर झालं आणि १९८३ साली त्या भारतीय नागरिक झाल्या. दुष्काळी भागातला पाणीप्रश्न, परित्यक्ता स्त्रिया, दलित चळवळीचा इतिहास, बौद्ध धम्म, संतसाहित्य असा त्यांच्या कामाचा विस्तार होत गेला. तुकोबांच्या अभंगांचा इंग्रजी अनुवाद त्यांनी भारत पाटणकरांच्या जोडीने केला. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचं निधन झालं.

यातली एक विसंगती नोंदवायलाच हवी. ज्या फुलब्राइट यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीवर त्या आल्या, त्या सिनेटरांनी १९५६ साली शाळांतला वर्णभेद मोडण्याला विरोध करणाऱ्या दक्षिणेतल्या खासदारांच्या जाहीरनाम्यावर सही केली होती आणि १९६४च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलं होतं. व्हिएतनाम युद्धाला त्यांनी कडाडून विरोध केला, हेही खरं. त्यांच्या योजनेतून आलेल्या मुलीने आयुष्य जातिअंताच्या लढ्याला वाहिलं. योजना काढणाऱ्याच्या मर्यादा योजनेला लागू पडतातच असं नाही, हे इथे ठसठशीतपणे दिसतं.

अशीच दुसरी साक्ष मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन बाईंची. त्या गेल यांच्याही आधी आल्या. १९६१ साली हैदराबादच्या विवेकवर्धिनी महाविद्यालयात त्या इंग्रजी शिकवत होत्या. विवेकवर्धिनी ही हैदराबादेतल्या मराठी समाजाने उभारलेली जुनी संस्था. दोन वर्षांनी त्या परतल्या आणि १९६६ मध्ये पुन्हा आल्या त्या फलटणला. फलटणच्या लोकांच्या बोलण्यातले जातीनुसार, शिक्षणानुसार पडणारे फरक हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. लेखिका जाई निंबकरांबरोबर त्यांनी मराठीचं संदर्भ-व्याकरण लिहिलं. अमेरिकन कॉलेजांच्या पुण्यातल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना मराठी शिकवलं. या सगळ्यावर कळस म्हणजे फलटणमधल्या दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवताना उभी राहिलेली प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली सुरू झालेलं कमला निंबकर बालभवन. ही शाळा मराठी माध्यमाची आहे. इंग्रजी शिकवायला आलेल्या बाईंनी मराठी माध्यमाची शाळा काढली आणि ती आग्रहाने मराठीच ठेवली. गावोगावी मराठी शाळांचे वर्ग रिकामे होत असताना या एका गोष्टीचं वजन फार मोठं आहे. फलटणच्या मुलांच्या त्या मॅक्सीनमावशी झाल्या.

अशी माणसं अपवाद असतात, हे मान्य. बहुतेक सहायक वर्ष संपवून कायद्याच्या, वैद्यकाच्या, नोकरीच्या वाटेने जातात. पण अपवाद घडायला दार उघडं असावं लागतं, आणि ते दार दोन्ही बाजूंनी उघडतं. त्यातली दुसरी बाजू मराठी तरुणांना फारशी ठाऊक नाही.

अमेरिकी विद्यापीठांत परकीय भाषा शिकवायला त्या त्या देशातल्या तरुण शिक्षकांना नेणारी फुलब्राइटचीच एक योजना १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. तिचं नाव ‘फॉरेन लँग्वेज टीचिंग असिस्टंट’. मुदत नऊ महिन्यांची. भारतातून तिशीच्या आतले इंग्रजीचे शिक्षक तिच्यातून जाऊन हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती यांसारख्या भाषा शिकवतात. स्वतः शिकवायचं आणि त्याच विद्यापीठात दर सत्राला अभ्यासक्रमही घ्यायचे. परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. इंग्रजीचा शिक्षक तिकडे जाऊन आपली भाषा शिकवतो, हा या योजनेचा सर्वांत फलदायी भाग. आपल्या भाषेला व्याकरण आहे, तिच्यातलं काय परक्याला कठीण जातं, हे त्याला तिथे पहिल्यांदा कळतं. वर्गात दोन प्रकारची मुलं असतात. काहींना भाषेचं एक अक्षर ठाऊक नसतं. काही भारतीय घरांतली असतात. त्यांना आजीचं बोलणं कळतं पण वाचता येत नाही, आणि त्यांना शिकवायला वेगळं कसब लागतं. अमेरिकेतल्या मराठी शाळांत शनिवार-रविवारी शिकवणाऱ्या आईवडिलांनाही याचा रोजचा अनुभव आहे.

ही दारं कायम उघडी राहतील असं मात्र धरून चालता येत नाही. जुलै २०२० मध्ये एका अध्यक्षीय आदेशाने चीन आणि हाँगकाँगसाठीची फुलब्राइट योजना बंद झाली. जिथे पहिला करार झाला, तोच देश यादीतून गेला. २०२५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकी सरकारने निधी थांबवला तेव्हा परदेशात असलेल्या अनेकांचा भत्ता अडकला. भाडं भरायला पैसे नसलेले सहायक यजमान विद्यापीठांच्या मदतीवर राहिले. त्याच वर्षी ११ जूनला फुलब्राइट मंडळाच्या जवळजवळ सगळ्या सदस्यांनी एकाच वेळी राजीनामे दिले. आम्ही गुणवत्तेवर निवडलेल्या लोकांना प्रशासनाने परस्पर वगळलं, हा त्यांचा आरोप होता. कायद्याने निवडीचा अधिकार या मंडळाला दिला होता, तो एवढ्यासाठीच की निवड राजकारणाच्या हाती जाऊ नये. पाऊणशे वर्षं जपलेली ही रचना काही महिन्यांत खिळखिळी झाली. ज्या योजना एका देशाच्या तिजोरीवर आणि एका राजधानीच्या मर्जीवर उभ्या आहेत, त्यांचं हे भय खरं आहे.

म्हणून दुसऱ्याच्या योजनेची वाट न पाहता आपली योजना हवी. १९२५ साली स्थापन झालेली जर्मनीची ‘डाड’ ही संस्था जगभर जर्मनचे अध्यापक पाठवते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानंतर झालेल्या समारंभांचा खर्च बाजूला ठेवून महाराष्ट्र शासनाने एक साधं काम करावं. दरवर्षी निवडक तरुण शिक्षकांना एका शैक्षणिक वर्षासाठी परदेशातल्या विद्यापीठांत मराठीचे सहायक म्हणून पाठवावं, आणि तेवढ्याच परदेशी तरुणांना एका वर्षासाठी कोल्हापूर, नांदेड, जळगाव, अमरावती इथल्या विद्यापीठांत बोलवावं. निवड विद्यापीठांच्या प्राध्यापकांनी करावी, मंत्रालयाने करू नये. भत्ता वेळेवर द्यावा. आणि आलेल्या परदेशी मुलामुलींना पहिल्या दिवसापासून मराठी शिकवायला एक चांगला शिक्षक नेमावा.

तोवर, या अंकाच्या वाचकांत इंग्रजीचा कुणी तरुण शिक्षक किंवा शिक्षिका असेल, तर दिल्लीच्या ‘युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन’च्या या वर्षीच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावं, अटी आणि भाषांची यादी नीट वाचावी आणि अर्ज करावा.